चिडकी मिसळ आणि आहेर मागणारी पत्रिका

या महिन्यात इंग्रजी स्पेलिंगवरचीच पत्रं जास्त आलीत, म्हणून चार एकदमच घेते. पत्रं थोडी आटोपशीर केलीत, बाकी ज्याचे शब्द त्याचेच ठेवलेत.

बाई नमस्कार. आमच्या घराजवळ रिकाम्या प्लॉटवर बोर्ड लावलाय, इंग्रजीत 'प्लॉट फॉर सेल', आणि सेलचं स्पेलिंग केलंय एस-ई-डबल एल. पुतण्या म्हणायलाय चूक आहे, मी म्हणायलोय बरोबर आहे, प्लॉट विकायचाय तर सेलच की. पैज लागलीय, निकाल द्या. — एक वाचक, मच्छे

काका, पुतण्या जिंकला. एस-ई-डबल एल म्हणजे विकणे आणि एस-ए-एल-ई म्हणजे विक्री. मराठी बोर्डावर आपण 'विकणे आहे' लिहितो नाहीतर 'विक्रीसाठी' लिहितो, पण 'विकसाठी' कुणी लिहीत नाही, तसंच ते.

पण ही चूक का होते ते सांगते, कारण यात डोकं कमी असण्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत ए दोन आहेत, एक आखूड तुटका आणि एक लांब, जो शेवटी जरा 'य'कडं झुकतो. मराठीत ए एकच. त्यामुळं हे दोन्ही शब्द आपल्या कानाला 'सेल'च ऐकू येतात, आणि कान जे ऐकतो तेच हात लिहितो. आता आपल्या बेळगाव भागातली मजा बघा, शेजारी कन्नड घर असेल तर त्यांच्या पोराला विचारा. कन्नडला दोन्ही ए आहेत आणि दोन्हीला वेगळी अक्षरं आहेत. शेतातलं पीक म्हणजे 'बेळे', ए आखूड, आणि आमटीची डाळ म्हणजे पण 'बेळे', ए लांब. मी देवनागरीत लिहिलं तर दोन्ही एकसारखंच दिसतंय, पण कन्नड आजीबाईपुढं तुम्ही उलटं म्हणून बघा, लगेच दुरुस्त करेल. म्हणजे जो फरक इंग्रजीत आपल्याला सापडत नाही तो आपल्याच गल्लीत रोज बोलला जातो! मी वर्गात मराठी मुलांना हा फरक कन्नड मुलांकडूनच शिकवून घ्यायची, आणि पटकन बसायचा.

या एका ए मुळं किती चुका होतात बघा. हॉटेलच्या बोर्डावर 'टेस्टी मिसळ' लिहिताना टी-ई-एस-टी-वाय लिहितात, आणि त्या शब्दाचा खरा अर्थ आहे चिडका, म्हणजे बोर्डावर झाली चिडकी मिसळ. चवीचा टेस्टी टी-ए-एस-टी-वाय. 'मी वेट करतोय' मधला वेट डब्ल्यू-ए-आय-टी, डब्ल्यू-ई-टी लिहिलं की ओला. उशिराचा लेट एल-ए-टी-ई, एल-ई-टी म्हणजे होऊ दे. आणि पेन, दुखण्याचा पेन पी-ए-आय-एन. एका मुलानं रजेच्या अर्जात पाय दुखतोय म्हणून लिहिलेलं आणि पेनचं स्पेलिंग केलेलं पी-ई-एन, म्हणजे पायात लेखणी. कागदावर मुरगळलेल्या पायाच्या हळदीचा पिवळा डाग होता, तो मला अजून आठवतो. वर्गात मुलं हसायला लागली तेव्हा मी त्यांना गप्प बसवलं, कारण त्या पोरानं ऐकलं तसं अगदी बरोबर लिहिलेलं.

बाई, लेकीचं लग्न आहे. पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी केली, जावयांच्या ऑफिसातली माणसं बंगळूरची आहेत म्हणून. 400 छापून आल्या, निम्म्या वाटल्या, आणि काल भाच्यानं दाखवलं की इंग्रजीत 'तुमच्या उपस्थितीची विनंती'च्या जागी प्रेझेंट्सची विनंती झालीय. मराठीत खाली 'कृपया आहेर आणू नये' छापलंय! मला रात्रभर झोप नाही. — एक आई, निपाणी

ताई, आधी शांत व्हा. ज्यांनी वाचली त्यांना तुम्हाला काय म्हणायचं होतं ते कळलेलंच आहे, आणि मराठी बाजू वाचणाऱ्याला तर शंकाच नाही.

उपस्थिती म्हणजे प्रेझेन्स, शेवट सी-ई. भेटवस्तू म्हणजे प्रेझेंट्स, शेवट टी-एस. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच येतात, कारण 'न'वरून 'स'वर जाताना जीभ मधे आपोआप 'ट' घालते, खुद्द इंग्रजी लोकांच्या तोंडातसुद्धा येतो तो. फोनवरून मजकूर सांगितला की असं होतंच. आणि कॉम्प्युटर पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं दोन्ही शब्द बरोबर आहेत, खाली लाल रेघ येतच नाही, म्हणून प्रेसवाल्याला पण वाटतं सगळं ठीक आहे.

आता राहिलेल्या 200 वर तेवढ्या ओळीची छोटी चिकटपट्टी त्याच कागदाच्या रंगाची छापून लावा, एका दुपारचं काम आहे, घरातली चार पोरं बसली की झालं. फोनवर पाठवायची पत्रिका मात्र आजच दुरुस्त करून घ्या, बंगळूरच्या मंडळींना बहुतेक तीच जाणार. आणि हो, पत्रिकेच्या तळाला 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' असेल तर तेही बघून घ्या, मधे एल नंतर आय पाहिजे. तिथं ई आला तर अर्थ होतो पूरक गोष्ट. लेकीला माझे आशीर्वाद सांगा.

मी सातवीत आहे. कर्ज म्हणजे डेट, त्यात बी कशाला असतो? बोलत नाही तर लिहायचा का? डिक्टेशनमधे माझा एक मार्क गेला. — एक वाचक, चिकोडी

बाळा, तुझा प्रश्न मोठ्या मोठ्या माणसांना पडलेला आहे. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लोक बोलायचे तसंच लिहायचे. मग साधारण 16 व्या शतकात पंडितांना वाटलं की याचं मूळ लॅटिन 'डेबिटम' आहे तर त्यातला बी दिसायला पाहिजे, आणि तो आणून बसवला. लिहिण्यात आला, तोंडात कधी आलाच नाही. शंकेच्या डाऊटमधला बी पण असाच. बेट म्हणजे आयलंड, त्यातला एस तर चुकून घुसलाय, तो शब्द अस्सल जुना इंग्रजी होता आणि लोकांना वाटलं तो लॅटिन 'इन्सुला'वरून आलाय. सुरीच्या नाइफमधला के वेगळा, तो पूर्वी खरोखर बोलत होते, बोलणं बदललं आणि लिहिणं तिथंच राहिलं. विल्यम कॅक्स्टननं 1476 मधे इंग्लंडात पहिला छापखाना घातला, आणि छपाई वाढत गेली तशी स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, उच्चार मात्र पुढं बदलतच राहिले.

आपण पण असं करतो की. 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो, 'ज्ञान' लिहितो आणि 'द्न्यान' म्हणतो. डेट लिहिताना बँकेच्या डेबिट कार्डाचा बी आठव, दोघं एकाच घरचे आहेत, पुढचा मार्क जाणार नाही.

मॅडम, कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणं बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे म्हणून नवा बोर्ड करून घ्यायलोय, वर कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. जुन्या बोर्डावर स्टेशनरीत ए होता, पेंटर म्हणतोय ई पाहिजे. परवा रंगवायचाय. — एक दुकानदार, शहापूर

पेंटर बरोबर आहे. वह्या, पेन, पाकिटं विकणारी स्टेशनरी ई-आर-वाय. ए-आर-वाय म्हणजे एका जागी उभी, न हलणारी. लक्षात ठेवायला सोपं सांगते, ए म्हणजे अडकलेली गाडी, ई म्हणजे एन्व्हलप, एन्व्हलपचं पहिलं अक्षर ई.

मूळ दोन्हीचं एकच आहे. जुन्या काळी युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे, पण विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारे एका जागी दुकान मांडून बसायचे, म्हणून त्यांना स्टेशनर म्हणायला लागले, म्हणजे ठिय्या असलेला. त्याच्याकडं मिळतं ते स्टेशनरी. तुमचं दुकान पण एका जागी उभंच आहे, तरी बोर्डावर ई च घाला.

झेरॉक्स करत असाल तर त्याचं पहिलं अक्षर एक्स, झेड नाही आणि जे पण नाही. स्नॅक्सचा डबा ठेवत असाल तर सी-के बघा, के-ई झालं की साप होतात. पेंटरला तोंडी सांगू नका, कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून हातात द्या, आणि आधी खडूनं आखायला लावा, तुम्ही रस्त्याच्या पलीकडं उभं राहून एकेक अक्षर कागदाशी ताडून बघा, मगच रंगाचा डबा उघडू दे.