व्हिडिओहबसाठी स्वतःचं कमांड-लाइन टूल लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपुरातल्या एका सभागृहात ब्लॅकमॅजिक कंपनीचा १६ बाय १६चा व्हिडिओहब, म्हणजे १६ इनपुटांतलं कोणतंही चित्र १६ आउटपुटांपैकी कुठेही पाठवणारा व्हिडिओ राउटर आहे, भर कार्यक्रमात माउसने चौकटी दाबत बसायचा वैताग आलाय, पायथन बऱ्यापैकी येतं, आणि टूल ओपन सोर्स ठेवायचंय. मीही इथलाच, एलईडी वॉलच्या मागे बसणारा. असं टूल लिहून वापरतो, म्हणून सांगतो.

आधी कोड लिहूच नका. कार्यक्रम नसेल त्या दिवशी लॅपटॉप राउटरच्याच नेटवर्कवर घ्या आणि टर्मिनलमधून नेटकॅटने (नेटवर्कवर साधा मजकूर पाठवणारं-घेणारं छोटं टूल) त्याच्या आयपीवर, ९९९० पोर्टला जोडा. ना लॉगिन, ना पासवर्ड. जोडल्याबरोबर तो आपणहून सगळं सांगायला लागतो: प्रोटोकॉलची आवृत्ती, मॉडेल, इनपुट-आउटपुट किती, त्यांची लेबलं, कोणत्या आउटपुटवर काय चालू आहे, कशाला लॉक आहे. सगळा साधा मजकूर. प्रत्येक ब्लॉकला वर इंग्रजी कॅपिटलमध्ये मथळा आणि कोलन (:), खाली ओळी, शेवटी एक रिकामी ओळ. बदल करायचा तर तुम्हीही तेच पाठवायचं: 'व्हिडिओ आउटपुट राउटिंग' हा मथळा, खाली '७ २' आणि मग रिकामी ओळ. ती रिकामी ओळ राहिली की राउटर मुकाट्याने वाट पाहत बसतो आणि आपण केबल तपासत बसतो.

'७ २' म्हणजे आठव्या आउटपुटवर तिसरा इनपुट. प्रोटोकॉल शून्यापासून मोजतो, पॅनेलवर आणि तुमच्या पॅचिंगच्या कागदावर १ पासून. हा फरक एकाच फंक्शनमध्ये मिटवा. वापरणाऱ्याला शून्य कधी दिसताच कामा नये.

पाठवणं इतकंच आहे, अर्ध्या तासाचं काम. खरी मेहनत वाचण्यात आहे. राउटर तुमच्या एकट्याचा नसतो. पॅनेलवर एक जण बसलेला असतो, ब्लॅकमॅजिकचं स्वतःचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर उघडं असतं, आणि यांपैकी कोणीही बदल केला की त्याची खबर जोडलेल्या सगळ्यांना जाते, तुम्हालाही. म्हणजे तुम्ही हुकूम पाठवून 'एसीके'ची, म्हणजे होकाराची, वाट पाहताय, तेवढ्यात मध्येच भलत्याच आउटपुटची बातमी येऊ शकते. 'पाठवलं, पुढचं जे आलं ते उत्तर' असं धरणारा कोड घरी झकास चालतो आणि डिसेंबरात, अधिवेशनाच्या गर्दीत, नको तिथे फसतो. शिवाय टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून हा मजकूर पोचवणारी पद्धत, ब्लॉक तोडून-जोडून कसेही देते. एका रिसीव्हमध्ये अर्धा ब्लॉक येईल, कधी अडीच. म्हणून आलेलं सगळं बफरमध्ये टाका, रिकाम्या ओळीवर तोडा आणि मथळा पाहून वाटा. अनोळखी मथळा दिसला तर सोडून द्या, कारण नव्या मॉडेलांत नवे ब्लॉक येतात. 'एनएके' म्हणजे नकार. तो आला की टूलने शून्याखेरीज एक्झिट कोड (संपताना शेलला दिलेला आकडा, शून्य म्हणजे ठीक) द्यायचा, म्हणजे शेल स्क्रिप्ट तिथेच थांबवता येते.

होकार आल्यावरही राउटिंग पुन्हा विचारून घ्या. नुसता मथळा आणि रिकामी ओळ पाठवली की तो पूर्ण यादी देतो.

लॉकचं भान ठेवा. 'यू' म्हणजे मोकळं, 'ओ' म्हणजे तुमच्याच आयपीवरून लावलेलं, 'एल' म्हणजे दुसऱ्याचं. दुसऱ्याचं लॉक जबरदस्तीने उघडायची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे, पण ती वेगळ्या आणि लांबलचक फ्लॅगमागे ठेवा. रेकॉर्डरचं आउटपुट कोणी उगाच लॉक करत नाही नं भाऊ.

आकड्यांऐवजी नावं वापरू द्या. अंधारात हेडसेटवर आवाज येतो, "बाहेरच्या एलईडीवर पोडियम दे." तेव्हा हातून 'बाहेर' आणि 'पोडियम' एवढंच टाइप झालं पाहिजे, पाचवर नऊ का नवावर पाच हा विचार नको. ही टोपणनावं एका साध्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा, दर कार्यक्रमाची वेगळी. अर्धवट नाव दोन ठिकाणी जुळलं तर अंदाज न लावता दोन्ही दाखवून थांबायचं.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली कमांड वेगळीच आहे: चालू राउटिंग फाइलमध्ये लिहून घेणं आणि नंतर तसंच परत लावणं. सकाळी संमेलन, रात्री ऑर्केस्ट्रा, मधे जेवणापुरता वेळ, तिथे तिचं मोल कळतं. परत लावण्याआधी काय-काय बदलणार ते छापून दाखवा, आणि फक्त बदललेल्या ओळीच एका ब्लॉकमध्ये पाठवा.

चाचणीसाठी यंत्र लागत नाही. पायथनच्या सॉकेट मॉड्यूलवर खोटा राउटर लिहा: जोडल्यावर नेटकॅटने साठवलेला मजकूर जसाच्या तसा फेकायचा आणि हुकमाला होकार द्यायचा. मग त्याला मुद्दाम वाईट वागायला लावा. तुकडे करून पाठवू दे, होकाराआधी दुसरीच बातमी घुसवू दे, मधेच जोडणी तोडू दे. साठवलेला मजकूर रिपॉझिटरीत टाकण्याआधी त्यातली ग्राहकाची लेबलं बदला.

पासवर्ड नाही म्हटलं, त्याचा दुसरा अर्थ असा की पाहुण्यांच्या वायफायवर हा राउटर दिसता कामा नये. वेगळा स्विच किंवा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवा, ९९९० इंटरनेटकडे उघडू नका.

क्रेमर, एक्स्ट्रॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या राउटरचे प्रोटोकॉल निराळे आहेत. एक्स्ट्रॉनला '१*२!' एवढं पाठवलं की पहिला इनपुट दुसऱ्या आउटपुटवर जातो. म्हणून राउटरशी बोलणारा भाग आणि कमांडचा भाग पहिल्यापासून वेगळे ठेवा, पण यंत्र समोर नसताना त्याचा ड्रायव्हर लिहीत बसू नका. लायसन्स एमआयटी ठेवा. भाड्याने सामान देणारे बिनधास्त वापरतील आणि बिघाड निघाला तर कळवतीलही.

आणि टूलच्या मदत-पानावर एक ओळ ठळक लिहा: होकार म्हणजे राउटरने मार्ग बदलला, पडद्यावर चित्र आलं असं नव्हे. कॅमेरा बंद असेल, किंवा आलेला फॉरमॅट वॉलच्या प्रोसेसरला चालत नसेल, तरी राउटर होच म्हणतो. ही ओळ नसेल तर दर काळ्या पडद्याला तुम्हालाच फोन येईल.