आधी आईचा फोटो लाव

चि. पुतण्यास अनेक आशीर्वाद.

कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची पिल्लं विकायला तू काढलेल्या साइटची लिंक मिळाली. रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर उघडायला घेतली. ती उघडेपर्यंत तुझी काकू दोनदा डोकावून गेली. फोनमधून निघाले तसेच आठ फोटो चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. शेतात एक दांडी रेंज असलेला माणूस एवढा वेळ थांबत नाही, तो मागे जाऊन दुसऱ्याची साइट उघडतो. फोटो लहान करून टाक, दहा मिनिटांचं काम आहे. फोन नंबरही चित्रात लिहिलास, त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही. नंबर अक्षरांत लिही.

हे किरकोळ झालं. माझा खरा राग सगळ्यात वरच्या फोटोवर आहे. दारात तीन कारवान कुत्र्या बांधलेल्या असताना नेटवरून जर्मन शेफर्डचं पिल्लू कशाला आणलंस रे?

तुझ्या साइटवर येणारा माणूस पिल्लू बघायच्या आधी तुला बघतो. त्याने किंवा त्याच्या मेहुण्याने कधीतरी मार खाल्लेला असतो. फोटो एकाचा, पिल्लू भलत्याचंच, टोकन पाठवलं की नंबर बंद. आता लोक हुशार झालेत, फोटो गूगल लेन्समध्ये टाकतात आणि तेच पिल्लू आणखी पन्नास ठिकाणी सापडतं. मग खाली तू कितीही खरं लिही, काय उपयोग?

म्हणून वर तुझ्या हरणी कुत्रीचा फोटो पाहिजे. पिल्लांचा नको, आईचा. पिल्लू कोणत्याही जातीचं असो, महिन्याभराचं असताना गोडच दिसतं, त्यावरून काही कळत नाही. आई बघितली की उंची कळते, स्वभाव कळतो, तिला नीट खायला मिळतं का तेही कळतं. तिच्यासाठी वेगळं पान कर. वय, आधीच्या विणी किती, नर कुणाचा, कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद आहेत की नाहीत. नसतील तर तसं सरळ लिही. ‘विथ पेपर’ लिहून नंतर ‘येतील, येतील’ करणारे मी पुष्कळ पाहिले. दोन हंगामांनंतर त्यांना कुणी विचारत नाही.

बरगड्यांचं एक पान तर उद्याच लिही. पुण्या-मुंबईचा माणूस कारवानचा फोटो बघितला की पहिलं म्हणतो, ‘उपाशी ठेवता काय हो?’ तुला हा प्रश्न शंभरदा आला असेल आणि तू शंभरदा फोनवर समजावलं असशील. तेच एकदा लिहून ठेव. धावणारं कुत्रं असंच असतं, छाती खोल, पोट खपाटीला, अंगावर चरबी कमी. दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसली म्हणजे ते आजारी नाही. त्याच पानावर लिही की अंगात चरबी कमी असल्यामुळे अशा जातींना भूल जपून द्यावी लागते, भुलीच्या काही औषधांतून ती लवकर उठत नाहीत, म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरला जात सांगा. हे मनाने लिहू नकोस. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या एखाद्या डॉक्टरला मजकूर दाखव आणि मगच चढव. असं एक पान ‘बेस्ट क्वालिटी पपीज’ या ओळीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणतं, कारण लोक गूगलला प्रश्न विचारतात. ‘बेस्ट क्वालिटी’ कुणी विचारत नाही.

या जातीच्या नावाचा गोंधळही तुझ्या फायद्याचा आहे. कुणी कारवान शोधतो, कुणी कारवानी, कुणी मुधोळ, लांब केसांचं हवं असेल तर पश्मी. केनेल क्लब कारवान हाउंड म्हणतो, तर 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात नाव मुधोळ हाउंड. ऑगस्ट 2020 मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा विषय काढला, तिथेही मुधोळच. ही नावं कुठून आली, तुमच्या भागात काय म्हणतात, हे तुझ्या अण्णांना विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिही. मराठीत लिही. इंग्रजी पान वेगळं ठेव, हैदराबाद-बंगळूरचे लोक ते वाचतील. गावाचं, तालुक्याचं, लातूरचं नाव मजकुरात आलंच पाहिजे. गूगलच्या सर्च कन्सोलला साइट जोड, फुकट आहे. लोक काय शब्द टाकून तुझ्यापर्यंत येतात ते तिथे दिसतं. महिन्याने मला त्या यादीचा फोटो पाठव. पुढची पानं कोणती लिहायची ते त्या यादीवरून ठरवू.

फेसबुक मार्केटप्लेसवर पिल्लं टाकू नकोस. तिथे जनावरं विकायला परवानगी नाही, व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही नाही. टाकतात खूप जण, आणि एक दिवस खातं बंद झालं की जुन्या गिऱ्हाइकांचे नंबरही जातात. तिथे कुत्र्यांचे व्हिडिओ टाक, गप्पा मार, चौकशी साइटवर आण.

व्हिडिओवरून आठवलं. सशामागे धावणाऱ्या कुत्र्याचा तो व्हिडिओ साइटवरून आजच्या आज काढून टाक. मला ठाऊक आहे, तुझ्या आजोबांच्या काळी याच कामासाठी ही कुत्री पाळायचे, आणि अजूनही ‘ससा धरतो का?’ असा फोन येतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, ससा मारणं गुन्हा आहे, आणि तू स्वतःच स्वतःचा पुरावा जगाला दाखवून बसलायस. शिवाय त्या व्हिडिओने कोण येतं? तेच गिऱ्हाईक, ज्याला तू पिल्लू देऊ नयेस. त्याऐवजी नांगरलेल्या मोकळ्या रानात हरणीला धावताना मोबाइलच्या स्लो मोशनवर टिपून घे. पूर्ण वेगात असली की एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. माणूस ते तीनदा बघतो.

आता पिल्लांच्या पानाकडे येऊ. पिल्लं झाली की जाहिरात करायची ही तुझी सवय. मग पन्नास दिवस झाले की खाण्याचा खर्च वाढतो, जीव घायकुतीला येतो आणि तू पिल्लू मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतोस. उलटा हिशोब कर. नर दाखवल्यापासून कुत्री साधारण 63 दिवसांनी विते. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, म्हणजे आणखी 56 दिवस. जवळपास चार महिने तुझ्या हातात आहेत. कुत्री गाभण असल्याचं डॉक्टरने सांगितलं की साइटवर चौकशीचा फॉर्म उघड. पैसे मागू नकोस, नुसती नावं घे. विचार: घर की फ्लॅट, कंपाउंड किती उंच, दिवसभर घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, असेल तर त्याचं काय झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाच. मग व्याल्यावर दर रविवारी एक छोटा व्हिडिओ आणि प्रत्येक पिल्लाचं वजन. डोळे उघडले, पहिल्यांदा ताटलीत तोंड घातलं, जंताचं औषध दिलं. यादीतली माणसं आठ आठवडे एका पिल्लाकडे बघत राहिली की भावावरून घासाघीस करत नाहीत.

हे आठ आठवडे मी स्वतः मोडलेत. डॉबरमन पाळायचो तेव्हाची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती, एका गृहस्थाला मुलासाठी भेट द्यायची होती आणि पिल्लू होतं पस्तीस दिवसांचं. जास्तीचे पैसे देतो म्हणाले, मी दिलं. सहाव्या दिवशी फोन आला, पार्वो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग. लस झालेली नव्हती. पैसे परत केले, पण तो मुलगा फोनवर काय बोलला ते तुला लिहीत नाही. तेव्हा कुणी विचारणारं नव्हतं. आता 2017 पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत, राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण घ्यायची नाही, पिल्लू लस झाल्याशिवाय द्यायचं नाही. नोंदणीचा अर्ज तू अजून टाकलेला नाहीस असं अण्णा म्हणाले. तो टाक, नंबर येऊ दे, साइटच्या प्रत्येक पानाखाली तो दिसू दे, आणि मगच वीण घे. नंबर येईपर्यंत साइट बंद ठेवलीस तरी माझी हरकत नाही.

किंमत लिही. ‘भाव फोनवर’ असं लिहिलं की दिवसाला तीस फोन येतात आणि एकोणतीस जण आकडा ऐकून ठेवून देतात. आकडा लिही आणि त्याखाली त्यात काय येतं ते लिही: लसी, जंतांचं औषध, मायक्रोचिप, डॉक्टरचा दाखला. पिल्लू जमलं नाही तर परत घेईन, कितीही वयाचं झालं तरी, हेही लिही. मात्र जमणार असेल तरच. अण्णांशी बोल, कारण परत आलेल्या कुत्र्याला भाकरी घालणारे तेच.

गूगलवर धंद्याची नोंद कर म्हणजे नकाशावर दिसशील, आणि आधी पिल्लं नेलेल्यांना दोन ओळी लिहायला सांग. मित्रांकडून लिहून घेऊ नकोस, ‘नाइस सर्व्हिस’ लगेच ओळखू येतं.

हरणीचा फोटो सकाळी लवकर काढ, ऊन तिरपं असताना. उभं राहून वरून काढलास तर पाय आखूड दिसतात, म्हणून उकिडवा बस आणि मोबाइल तिच्या खांद्याच्या उंचीला धर. तोंड एका बाजूला, चारही पाय दिसले पाहिजेत. मागे अण्णांची बाज आणि चहाची कपबशी आली तर काढू नकोस, राहू दे. काढलास की आधी मला पाठव.

तुझा,
काका