शेतकरी आई-बाबांना हाऊसबोटीवर न्यावं का?

जन्मभर शेतात राबलेल्या आई-बाबांना केरळात हाऊसबोटीवर एक दिवस-रात्र नेलं तर आराम होईल की कंटाळतील, असं तुम्ही विचारलंय. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडचे, धानवाले. मागच्या जानेवारीत चुरणं (मळणी) आटोपल्यावर मी दोघांनाही नेलं. बाबा पहिल्या दोन तासांतच कंटाळले होते, हे आधीच सांगून टाकतो.

जाणं अवघड नाही. बल्लारशाहून केरळ एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोट्टायम. तिथं मुक्काम करून सकाळी अलप्पुळाची सरकारी प्रवासी बोट धरली. अडीचेक तास लागतात, तिकीट किरकोळ. आईची पाण्याची भीती त्या बोटीतच मोडली.

हाऊसबोट तिथून दुपारी बाराच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी नऊला उतरवते. ही मूळची धान-तांदूळ वाहणारी नाव, केट्टुवळ्ळम. फळ्यांना खिळा नाही, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. बाबांनी चढल्या चढल्या फळी ठोकून पाहिली, "आपला डोंगा बरा" म्हणाले आणि खुर्चीत बसले. करायला काम नाही, फिरायला जागा नाही. दर पंधरा मिनिटांनी "किती वाजले रे?"

जेवणानंतर नाव कुट्टनाडात, म्हणजे तिथल्या धानाच्या पट्ट्यात, शिरली अन् ते उठून कठड्याला जाऊन उभे राहिले. बांधाच्या अलीकडे आम्ही पाण्यावर, पलीकडे हिरव्यागार बांध्या (धानाची शेतं), त्याही पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली! तिथली कितीतरी शेती समुद्रसपाटीहून दीड-दोन मीटर खोल आहे. स्वयंपाक करणाऱ्या पोराला मोडकीतोडकी हिंदी येत होती. त्यानं सांगितलं, आधी मोटारीनं पाणी बाहेर फेकतात, मग पेरतात. आमच्याकडे तलावाचं पाणी बांधीत यावं म्हणून भाऊबंदकी होते! बाबांनी त्याला एकरी किती पोते, बियाणं कोणतं, बांध फुटला तर काय, असं विचारून हैराण केलं. त्यानंतर वेळ विचारली नाही.

जेवणात करिमीन मासा आणि जाडा लालसर भात. सगळं खोबरेल तेलात, म्हणून ठेचा सोबत न्या. आईनं दुसरा घास ठेच्याशिवाय घेतला नाही.

रात्री नाव चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मासेमार जाळी टाकतात, म्हणून सहाच्या आतबाहेर काठाला बांधतात. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: एसी दिवसभर की फक्त रात्री, आणि मुक्काम कुठं. आमच्या शेजारी दुसरी नाव लागली आणि तिचा जनरेटर रात्रभर घरघरला. मी कूस बदलत राहिलो. आई मात्र गाढ झोपली. पहाटे उठून सडा-सारवण नाही, चूल नाही, असं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं असावं. सात वाजता उठली आणि आयता चहा घेत लाजल्यासारखी बसली. बाबा तोवर काठावर उतरून बांधावरून दूर गेले होते.

तेव्हा न्या, पण डिसेंबर ते फेब्रुवारीतच. तेव्हा तिथं धान उभं असतं. जून-जुलैत तिकडे धो-धो पाऊस आणि आपल्याकडे धानाची रोवणी (लावणी). बाबा येणारच नाहीत.