लांबलेलं की लांबवलेलं?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा एस. वाय. बी. ए. ला लॉरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक आहे. नाटकाच्या आधी लँग्स्टन ह्यूज यांची ‘हार्लेम’ ही छोटी कविता छापलेली आहे. सहकारी म्हणतात, आधी नाटकाची गोष्ट सांगून टाका, मग कविता आपोआप कळते. मला कविता आधी घ्यावीशी वाटते. पण कविता म्हटलं की मुलं गाइडातला सारांश काढून बसतात. दोनच तासिका हाताशी आहेत. त्या कशा वापरू?

उत्तर : कविता आधीच घ्या. मी सुरुवातीची काही वर्षं तुमच्या सहकाऱ्यांसारखंच करत होते. आधी गोष्ट, मग कविता. त्याचा परिणाम असा झाला की मुलांनी कवितेचं कोष्टक केलं : वाळलेला बेदाणा म्हणजे अमुक पात्र, जड ओझं म्हणजे तमुक. सगळ्या वह्यांत तेच. कविता कुणी वाचलीच नव्हती, आणि त्यात चूक माझी होती.

पहिल्या दिवशी नाटकाचं नावसुद्धा काढू नका. कवीचं नाव नको, सालही नको. अकरा ओळी फळ्यावर लिहा आणि दोनदा मोठ्याने वाचा. मग पहिल्याच ओळीवर थांबा. पुढे ढकललेल्या स्वप्नाचं काय होतं, एवढाच तो प्रश्न आहे. तो मुलांना मराठीत लिहायला सांगा. निम्मी मुलं ‘लांबलेलं स्वप्न’ लिहितील, काही ‘लांबवलेलं’ लिहितील, एखादा ‘मोडलेलं’ लिहील. ‘मोडलेलं’ लगेच बाजूला ठेवा, कारण स्वप्न अजून मोडलेलं नाही. कवितेतला सगळा ताण त्यातच आहे. मग उरलेल्या दोन शब्दांवर भरपूर वेळ घालवा. पाऊस लांबतो, लग्न लांबतं. पण लांबवतं कोण? इंग्रजीतला ‘डिफर्ड’ हा एक शब्द कर्ता लपवून ठेवतो. मराठीत मात्र तुम्हाला दोहोंपैकी एक निवडावंच लागतं. या एका ‘व’वर माझ्या वर्गात अर्धी तासिका गेली आहे आणि मला तिची कधी हळहळ वाटली नाही.

त्यानंतर प्रतिमा. उन्हातला बेदाणा, चिघळणारी जखम, सडकं मांस, साखरेचा कडक थर, वाकवणारं ओझं. इथे मुलांना त्यांच्या घरचं बोलू द्या. मी तासगावच्या बाजूला शिकवलं. एका वर्षी मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, बेदाणा उन्हात कुठं वाळवतात? सावलीत, शेडमध्ये, जाळीवर वाळवतात. थेट उन्हात टाकला की काळा पडतो.” त्याच्या घरी बेदाण्याचं शेड होतं. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, हेही त्यानेच सांगितलं. दुसरी मुलगी म्हणाली, द्राक्षाला दर नसला की बेदाणा करतात. म्हणजे माल वाया जात नाही, टिकतो, गोडही राहतो. मग कवीला हे वाईट वाटतंय की बरं? मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. तीन चतुर्थांश वजन गेलं पण गोडी राहिली, हे त्या मुलांना गाइडातून कधीच मिळालं नसतं. तुमच्याकडे बेदाणा नसेल तर ज्वारी असेल, डाळिंब असेल; त्यावरून बोलतं करा.

मग विरामचिन्हं बघायला लावा. सहा प्रश्नचिन्हं आहेत आणि पूर्णविराम एकच. तो ओझ्याच्या ओळीला आहे, आणि त्या वाक्याची सुरुवात ‘कदाचित’ने होते. म्हणजे एकुलतं एक विधान, तेही खात्रीचं नाही. शेवटच्या ओळीत स्फोटाचा प्रश्न येतो. तिथे ‘सारखं’ हा शब्दच नाही. आधीच्या सगळ्या उपमा, ही मात्र उपमा नाही. हे मुलांना स्वतःला सापडू द्या, पाच मिनिटं शांतता झाली तरी चालेल.

तासिका संपताना प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या : तुम्हाला कुठली प्रतिमा खरी वाटते आणि का, दोन वाक्यांत.

दुसऱ्या तासिकेत नावं आणि सालं सांगा. कविता १९५१ची, हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं ११ मार्च १९५९ ला. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं नाटक तिथे पहिल्यांदाच होत होतं. पण त्यातलं यंगर कुटुंब राहतं शिकागोच्या साउथ साइडला. न्यूयॉर्कच्या कवितेतले ‘उन्हातला बेदाणा’ हे शब्द शिकागोच्या नाटकाच्या नावाला का घ्यावेसे वाटले, एवढं विचारून सोडून द्या. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, असे करार त्या वस्तीत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. हे सांगितलंत की तुमचा ‘व’ परत फळ्यावर येतो.

उरलेल्या वेळात नाटकातली पहिली रंगसूचना वाचा. घरात उजेड येतो तो स्वयंपाकघरातल्या एका लहान खिडकीतून, तेवढाच. ज्या नाटकाच्या नावात ऊन आहे, त्या घरात ऊन नाही. मामाचं (म्हणजे यंगर कुटुंबातल्या आईचं) खुरटं रोप याच खिडकीशी ठेवलेलं असतं. माझ्या वर्गात शेडवाल्या मुलाने इथे मान वर केली होती. पण रोपाचा अर्थ आत्ताच सांगू नका.

कोष्टकाची भीती तरीही राहतेच. मामाच्या वारलेल्या नवऱ्याच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार, मामा त्यातले ३,५०० नव्या घराला देणार, उरलेले ६,५०० तिचा मुलगा वॉल्टर घालवून बसणार. मग मुलं म्हणतील, वॉल्टर म्हणजे स्फोट. तेव्हा विचारा, आणि गोऱ्यांच्या वस्तीतर्फे येऊन, पैसे देऊ करून ‘इकडे येऊ नका’ म्हणणारे सभ्य लिंडनर कवितेत कुठल्या ओळीत बसतात? कुठल्याच नाही. ते फक्त त्या लपलेल्या कर्त्यात सापडतात.

चिठ्ठ्या जपून ठेवा. दुसरा अंक संपला, पैसे गेल्याचं कळलं, की त्या परत द्या आणि बदल करायला मुभा द्या. एकच अट घाला : खोडायचं ते एका रेघेने, खालचं वाचता येईल असं.