वाचताना हसू येतं, मग शूट केल्यावर का येत नाही?

तुम्ही विचारलंय: बंद लिफ्ट, शेजारचं ड्रिल, ग्राहक सेवेचा फोन अशा रोजच्या वैतागावर वीस मिनिटांची विनोदी फिल्म करायची आहे, चार नट, एक घर, मोबाइल कॅमेरा. वाचनात सगळे हसले, पण चाचणीसाठी शूट केलेला सीन थंड पडला.

नुसता वैताग विनोदी नसतो. माणूस एका क्षुल्लक गोष्टीसाठी हट्टाला पेटला की गंमत सुरू होते. फोन होल्डवर ठेवला, एवढ्यानं काही घडत नाही. बॅटरी चार टक्के, चार्जर आतल्या खोलीत आणि त्या खोलीत रेंज नाही, हे कळलं की प्रेक्षक पुढचं स्वतःच ताडू लागतो. एका सीनला अशा तीन अडचणी पुरतात, मात्र प्रत्येक आधीच्या अडचणीतून निघायला हवी.

थंडपणाचं मुख्य कारण मला फ्रेममध्ये दिसतं. मोबाइलवर शूट करताना हात आपोआप क्लोजअपकडे जातो. क्लोजअपमध्ये आपल्याला त्या माणसाची कीव येते. हसू यायला माणूस आणि त्याची अडचण एकाच चौकटीत लागते. ताणलेली वायर, तिच्या टोकाला वाकलेला माणूस आणि खिडकीबाहेर काढलेला फोन, हे तीन तुकड्यांत कापलंत की विनोद गेला. म्हणून आधी ट्रायपॉडवर, गुडघ्यापासून वरचा, अख्ख्या सीनचा मास्टर शॉट घ्या. क्लोजअप त्यानंतर, लागतील तेवढेच. मास्टरमध्ये नट एकमेकांच्या वाक्यावर बोलले तर चालेल, क्लोजअपमध्ये नाही. नाहीतर एडिटमध्ये कापायला जागाच उरत नाही. शेवटच्या वाक्यानंतर लगेच ‘कट’ म्हणू नका. पाच सेकंद थांबा, खरी रिअॅक्शन बहुतेक वेळा तिथेच मिळते.

पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. शब्द नीट ऐकू आला नाही तर पंच मेला. लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, हनुवटीखाली साधारण वीतभर लावा आणि कपडा त्याला घासत नाही ना, हे नटाला चालायला लावून तपासा. फ्रिज बंद करा आणि घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहत नाही. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये वाक्यांमधल्या फटी भरायला तो लागतो.

ड्रिलचा आवाज टेकमध्ये कधीच नको. तो वेगळा रेकॉर्ड करून नंतर घाला. पण मग शांत खोलीत नट हळू बोलतात आणि एडिटमध्ये ते ड्रिलवरून ओरडताहेत असं वाटतच नाही. उपाय असा: टेकच्या आधी दहा सेकंद तो आवाज मोठ्यानं वाजवा, बंद करा, लगेच ‘अॅक्शन’ म्हणा. घसा त्याच पट्टीत राहतो.

खऱ्या लिफ्टच्या नादी लागू नका. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही आणि आवाज घुमतो. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना राखाडी, न चमकणारे पत्रे किंवा पुठ्ठे लावा. चमकदार पत्र्यात कॅमेरा दिसतो.

वीज 50 हर्ट्झची असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंद शटर ठेवा, नाहीतर दिव्यांमुळे चित्रात पट्टे लहरतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा.

दिवसाला संहितेच्या चार पानांवर जाऊ नका. चार-पाच टेकनंतर नट ‘विनोदी’ करू लागतो. तेव्हा त्याला एवढंच सांगा: हसवू नकोस, चार्जर गाठ.

पहिलं एडिट संगीताशिवाय करा. संहिता न वाचलेल्या सहा-आठ जणांना ते एकत्र दाखवा, त्यांचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो टाइमलाइनवर फिल्मच्या खाली लावा. हशात पुढचं वाक्य बुडत असेल तर मध्ये बारा-तेरा फ्रेम, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, वाढवा. खुर्च्या करकरल्या असतील तर त्याच्या आधीचे दहा सेकंद तपासा. कापायची जागा बहुधा तिथेच सापडते.