लेहऱ्यावरचा तबला आणि साथीचा तबला

भावा, घरी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, लावून पेशकार, कायदा, रेला हे एकट्या तबल्याचे प्रकार वाजवण्यात मजा आहेच. लय तुझी, विस्तार तुझा. पण लेहरा कधी श्वास घेत नाही, गाणारा घेतो. म्हणून भजनी मंडळात बसलास की पहिला महिना नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, धर. तुकडा, म्हणजे मधे घ्यायची बोलांची रचना, फक्त अंतरा संपून मुखड्याकडे येताना, तोही छोटा. नवखे सम (तालाची पहिली मात्रा) गाठायच्या घाईत तिहाईत (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलांत) लय वाढवतात आणि टाळकरी बिचारे फरफटत जातात.

पोहोचल्यावर आधी पेटीचा सूर विचार. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तबला असेल आणि गाणाऱ्या ताई काळी चारमध्ये असतील, तर दुसरा तबला शोधू नकोस; काळी एक हा त्यांचा मध्यमच, म्हणजे त्यांच्या सापासूनचा म. आपल्याकडच्या पावसात पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून सूर उतरतो. फरक मोठा असेल तर गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोक, थोडा असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) वरून हलकी हातोडी. एका घरानंतर (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागेनंतर) समोरासमोरचं घर घे. मध्यंतरात पुन्हा तपास.

कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीची मैफल असेल तर जा. विलंबित तीनतालात तबलजी सोळा मात्रा किती कमी बोलतो, तेवढंच ऐक.