हात कधी काढायचा?

मागच्या वेळी वर्गातल्या मदतनीसांबद्दल (शॅडो टीचर म्हणा, हेल्पर म्हणा, प्रत्येक शाळेत नाव वेगळं) सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला. स्वमग्न मुलांसोबत वर्गात बसणाऱ्या या माणसांना नेमकं शिकवायचं काय, हाच बहुतेकांचा प्रश्न, त्यामुळे चारच पत्रं घेतेय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, मी स्पेशल एज्युकेटर आहे. यंदा शाळेत पाच नवीन मदतनीस आल्या, त्यांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मीच घेतलं. स्लाइड्स, व्हिडिओ सगळं केलं, शेवटी टेस्ट घेतली तर सगळ्यांना छान मार्क. आणि सोमवारी वर्गात जाऊन बघते तर ‘बस खाली, बस ना, बस म्हटलं ना, ऐकतोस का’ चालूच. माझं कुठे चुकलं?

शिकवण्यात नाही चुकलं हो, तुम्ही शिकवून थांबलात तिथे चुकलं. मीही कितीतरी वर्षं हेच केलंय, वर सर्टिफिकेटं पण वाटली आहेत, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९८० च्या दशकातच शिक्षकांच्या ट्रेनिंगबद्दल हे सांगून ठेवलंय की नुसतं ऐकलेलं वर्गात उतरत नाही, नंतर कुणीतरी वर्गात येऊन सोबत राहावं लागतं. मदतनीसांना हे जास्तच लागू, कारण त्यांना बहुतेक वेळा आधीचं काहीच ट्रेनिंग नसतं.

पद्धत साधी आहे. सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, आणि लगेच काय जमलं काय नाही ते सांगा. आपण पहिल्या दोनवरच थांबतो आणि खरं शिकणं पुढच्या दोनमध्ये असतं.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. मी असते तर पहिली गोष्ट ‘थांबणं’ घेतली असती, म्हणजे सूचना एकदा देऊन गप्प वाट बघणं. बऱ्याच स्वमग्न मुलांना ऐकलेलं आत पोचायला, त्याचा अर्थ लागायला आणि मग शरीर हलवायला वेळ लागतो, आणि आपण मधेच शब्द बदलून तेच परत सांगितलं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे आपल्याला वाटतं आपण मदत करतोय आणि आपण त्याचा नंबर परत रांगेच्या शेवटी लावत असतो. तर दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकीने मूल व्हायचं, एकीने मदतनीस. मूल झालेलीच्या कानात सांगून ठेवा की मनात आठ मोजल्याशिवाय हलायचं नाही. मग बघा गंमत, तीन-चार आकड्यांच्या पुढे कुणाला शांत बसवत नाही. स्वतःला न थांबता येणं असं एकदा अनुभवलं की ते स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहतं.

नंतर प्रत्यक्ष वर्गात मागे दहा मिनिटं बसा आणि एकच मोजा, किती सूचना दिल्या आणि त्यातल्या किती परत परत दिल्या. बाकी सगळं दिसलं तरी गप्प राहा (हे तुम्हालाच सगळ्यात कठीण जाणारे). त्याच दिवशी तिला आकडा दाखवा, एक चांगलं झालेलं नेमकं सांगा, ‘छान करतेस’ असं मोघम नको. पुढच्या आठवड्यात परत.

हे जमलं की प्रॉम्प्ट, म्हणजे मुलाने काम करावं म्हणून आपण दिलेला इशारा किंवा मदत. थांबणं, मग बोटाने किंवा चित्राने दाखवणं, मग शब्द, मग स्वतः करून दाखवणं, आणि अगदी शेवटी हाताला स्पर्श, तोही विचारून, ढकलून नव्हे. मूल काम जाणतं पण सुरू करत नाही, तिथे याच क्रमाने जा, कमी मदतीकडून जास्तीकडे. अगदी नवीन काम असेल तर उलटं, आधी जास्त मदत आणि मग कमी करत जायची. यात एक गोष्ट कुणी सांगत नाही, तोंडी प्रॉम्प्ट देणं सगळ्यात सोपं आणि काढून घेणं सगळ्यात कठीण. चित्राचं कार्ड हळूहळू लांब सरकवता येतं, पण ‘पुढे काय?’ हा आवाज एकदा सवयीचा झाला की मूल त्या आवाजाशिवाय पान उलटत नाही. म्हणून मदत ठरवतानाच ती काढायची कशी हेही ठरवा, नाहीतर ती राहतेच.

आणि ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी स्वमग्नतेचा इतिहास ठेवला असेल तर तो काढून टाका. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांबद्दल काय लिहिलं हे मला फार आवडतं वाचायला, पण मदतनीसला ते वर्षाच्या शेवटी कळलं तरी काही अडत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न आहे. त्याच्या मदतनीस ताई खूप प्रेमळ आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार अशी नाहीच. पण वह्या सगळ्या पूर्ण आणि अक्षर ताईंचं. मधल्या सुट्टीतही त्याच शेजारी. बाकी मुलांना त्याला काही विचारायचं असलं तर ती ताईंना विचारतात. बोलले तर त्यांना वाईट वाटेल, काय करू?

तुम्ही लिहिलंय तसं बाकी मुलं ताईंना विचारतात ना, मला सगळ्यात जास्त ते खटकलं, वह्यांपेक्षा.

अमेरिकेत मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावरच एक अभ्यास छापला. ती मुलं एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेली होती, स्वमग्न मुलांवरचा तो अभ्यास नव्हे, पण वाचताना तुमचं पत्रच वाचतोय असं वाटेल. मोठं माणूस सतत चिकटून असलं की वर्गशिक्षक त्या मुलाला आपलं मानेनासे होतात, इतर मुलं लांब राहतात, मूल प्रत्येक गोष्टीला त्या माणसाकडे बघतं. मदतनीस बाई म्हणून मुलाला बायकांच्या टॉयलेटला नेणं, असलंही त्यात आहे. इतकी साधी गोष्ट, आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.

पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या टीमने २००३ ते २००८ या काळात खूप मोठा अभ्यास केला, त्यात तर असं निघालं की ज्या मुलांना मदतनीसांचा आधार जास्त मिळाला त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. हे वाचून लगेच मदतनीस काढून टाकू नका प्लीज. दोष त्यांचा नव्हताच, त्यांना वापरलं ज्या पद्धतीने त्याचा होता. शिक्षकांशी बोलायला वेळ नाही, आज काय शिकवणार ते आधी माहीत नाही, मग माणूस काय करणार, समोरचं पान पूर्ण करून घेणार. तुमच्याकडे अक्षर ताईंचं का आहे त्याचं उत्तर इथेच आहे. पूर्ण वहीची अपेक्षा त्यांच्यावर कुणीतरी टाकलीय, कदाचित शाळेने, कदाचित, रागावू नका, तुम्हीच.

म्हणून ताईंशी नको, आधी वर्गशिक्षकांशी बोला, आणि तिघं एकत्र बसा. वही अर्धी आलेली चालेल, पण त्याच्या हाताची, हे तुम्ही स्वतः ताईंसमोर म्हणा, त्यांच्या डोक्यावरचं ओझं निम्मं तिथेच उतरेल. वर्गशिक्षकांनी रोज एक प्रश्न तरी थेट त्यालाच विचारायचा. कुठल्या मुलाने ताईंना ‘याला हे हवंय का’ विचारलं की ताईंनी ‘त्यालाच विचार’ म्हणून थोडं बाजूला सरकायचं, मुलगा बोलत नसेल तर त्याच्या हाताशी कार्ड किंवा टॅब असला पाहिजे, नाहीतर ते नुसतं नाटक होईल. सुट्टीत ताईंचं काम खेळ सुरू करून देणं आणि मग त्यातून बाहेर पडणं. हे खरंच शिकवावं लागतं, कारण बाहेर पडताना लोकांना आपण कामचुकारपणा करतोय असं वाटतं!

फक्त एकदम ‘उद्यापासून लांब बसा’ करू नका, मुलाच्या दृष्टीने तो धक्काच. त्याला जो तास सगळ्यात चांगला जमतो तो निवडा, त्या एका तासाला ताई एक खुर्ची मागे.

प्रश्न : आमच्याकडे मदतनीसांना सांगितलंय की मुलाने डोळ्यात बघितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. हे बरोबर?

नाही. बऱ्याच स्वमग्न मोठ्या माणसांनी स्वतः सांगितलंय की डोळ्यात बघायला लावलं की ऐकणं बंद होतं. मुलाने मागितलंय ना, बोटाने, कार्डाने, शब्दाने, कसंही? मग द्या.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मदतनीस आहे, बारावी झालीये, ट्रेनिंग असं काही मिळालं नाही. माझ्याकडची मुलगी दहा वर्षांची आहे. खेळाच्या तासाच्या आधी ती रोज कान दाबून टेबलाखाली जाते आणि ओरडते, आणि मधे मधे ‘चला रांगेत, चला रांगेत’ हे एकच वाक्य म्हणते, अगदी बाईंच्या आवाजात. मला सांगितलंय की लक्ष वेधायला करते, तू लक्ष देऊ नकोस. पण मला ते पटत नाही. मी चुकतेय का?

तू अजिबात चुकत नाहीयेस, आणि ट्रेनिंग नाही म्हणतेस पण तुझ्या पत्रात निम्मं निरीक्षण झालेलं आहे. रोज. खेळाच्या तासाच्या आधी. कान दाबून. लक्ष हवं असतं तर ते दिवसभरात कधीही चाललं असतं ना, ठरलेल्या वेळेलाच कशाला?

ते वाक्य पण टाकून देऊ नकोस. ऐकलेली वाक्यं तशीच परत म्हणणं याला इकोलालिया म्हणतात, पूर्वी लोक त्याला निरर्थक बडबड समजायचे, पण बॅरी प्रिझँट या अमेरिकन वाचा-भाषातज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी सांगायचं असतं. मला तर वाटतं तुझी मुलगी तुला सरळ सांगतेय की त्रास कुठे आहे. मैदानात नाही, रांगेत. ढकलाढकली, आवाज, किती वेळ उभं राहायचं ते माहीत नाही. आता हा माझा अंदाज झाला, मी तिला पाहिलेलं नाही, तर खात्री तूच करायची.

एक कागद घे, तीन रकाने कर. आधी काय झालं, तिने काय केलं, नंतर काय झालं. मत लिहायचं नाही, दिसलं तेच लिहायचं, म्हणजे ‘हट्ट केला’ नको, ‘घंटा झाली, मुलं उठली, ती टेबलाखाली गेली, चार मिनिटं’ असं. आठवडाभर. मग बाईंना तो कागद दाखवून एकच बदल मागून बघ, रांग लागायच्या पाच मिनिटं आधी तुम्ही दोघींनी निघायचं, किंवा सगळ्यात शेवटी. दोन्ही एकदम करून बघू नकोस, मग कशाने फरक पडला ते कळत नाही. निघायच्या आधी तिला चित्रांमध्ये दाखव, आता हे, मग ते.

आणि टेबलाखाली गेलीच तर ओढून काढायचं नाही, धरायचं नाही, तिला लागेल अशी वस्तू जवळ असली तर फक्त ती बाजूला कर. बाकी मुलांना लांब पाठव, आणि बोलणं जवळजवळ बंद, कारण त्या वेळी प्रत्येक शब्द म्हणजे अजून एक आवाजच. जवळपास पण थोडं बाजूला बसून राहा. बाहेर आल्यावर ‘का केलंस असं’ विचारू नकोस, सांगता आलं असतं तर टेबलाखाली गेली असती का.

तुला ‘लक्ष देऊ नको’ ज्यांनी सांगितलं त्यांच्याशी वाद घालायच्या आधी तो कागद भर, नुसतं मला वाटतं म्हणण्यापेक्षा पाच दिवसांच्या वेळा लिहिलेल्या असल्या की लोक ऐकतात. आणि भरलास की मलाही पाठव, मुलीचं नाव न लिहिता.